पाच मिनिटांचे व्याही

आमच्या व्याह्यांनी सांगायला घेतलेली गोष्ट एक वेळ अनादी नसेल, पण ती अनंत असते, हे मी कोणत्याही देवळाच्या पायरीवर उभा राहून सांगू शकतो. बेळगावातल्या वडगावच्या विणकर गल्लीत त्यांचे घर आहे. खाली दोन यंत्रमाग चालतात आणि वर ते स्वतः. पैकी माग वीज गेल्यावर थांबतात. मी शहापुरातला, पाठशाळेत घडलेला, आयुष्यभर देवळात पुराण सांगितलेला मनुष्य. माझे निरूपण लांबते अशी कुजबुज श्रोत्यांत असे, हे मला ठाऊक आहे. परंतु व्याह्यांच्या माडीवर बसले की आपण मोजके बोलणारे एखादे सूत्रकार आहोत असा मला भास होतो. एकदा मी सहज विचारले, "वाजले किती?" त्यांनी प्रथम भिंतीवरचे घड्याळ कोणाच्या लग्नात आहेर म्हणून आले ते सांगितले, मग ते लग्न मोडता मोडता कसे जमले, मग त्या नवऱ्या मुलाच्या मामाला खानापूरच्या रानात अस्वल कसे भेटले. वेळ कळली ती विहीणबाईंनी आतून "पानं वाढलीत" अशी हाक मारली तेव्हा. आमची कन्या त्यांच्या घरी दिलेली; वधूपित्याने वरपित्याचे बोलणे मध्येच तोडू नये, हा संस्कार माझ्यावर लहानपणापासून आहे. तेही माझे बोलणे कधी तोडत नाहीत. त्यासाठी मला आधी सुरुवात करावी लागेल.

कन्या आणि जावई नातीला घेऊन परदेशी गेले. जाताना जावयांनी वडिलांच्या माडीवर एक संगणक मांडून दिला आणि त्यायोगे या गृहस्थांना साठी उलटल्यावर एका नव्या पंथाची दीक्षा मिळाली. एके सकाळी ते सायकलवरून घाईघाईने माझ्याकडे आले. चप्पल काढता काढताच म्हणाले, "शास्त्रीबुवा, मी मुक्त झालो बगा!"

मी हातातली पळी खाली ठेवली. आमच्या परंपरेत मनुष्य असे स्वतःहून जाहीर करीत नाही. मी भीत भीत विचारले, "घरी सांगितलेत का?"

"हिला काय कळतंय त्यातलं! मशीन मुक्त झालं, सॉफ्टवेअर मुक्त झालं. कुणाची मालकी न्हाय त्याच्यावर. समदं मुक्त!"

पुढे दुपारपर्यंत त्यांनी मला जे सांगितले त्याचा मथितार्थ असा, की या पंथातही मुक्ती चार आहेत. सलोकता, समीपता, सरूपता आणि सायुज्यता या चार मुक्तींवर मी कित्येक चातुर्मास बोललो आहे, म्हणून मी कान टवकारले. परंतु त्यांच्या चार मुक्ती निराळ्या निघाल्या: वस्तू हवी तशी वापरावी, उघडून पाहावी, दुसऱ्याला द्यावी आणि सुधारून पुन्हा वाटावी. मी दोन्ही चौकड्या एकमेकींशी जुळवून पाहिल्या. समीपता आणि वाटणे यांचा काही संबंध लागेना. सायुज्यतेपाशी तर मी पार हरवलो. आजही तो विचार संध्येच्या वेळी मध्येच डोके वर काढतो.

व्याह्यांनी मात्र मुक्तीचा प्रयोग सर्वत्र सुरू केला. मिठाईच्या दुकानात कुंदा घेताना ते दुकानदाराला म्हणू लागले, "नुसता कुंदा नगं, त्याची कृती बी बांधून द्या." पुतणीच्या लग्नात आचाऱ्याने जपलेले मसाल्याचे प्रमाण त्यांनी गोड बोलून काढून घेतले आणि मांडवाच्या खांबावर चिकटवले; आचारी पंगत अर्धी टाकून निघाला होता, त्याला मी कसाबसा वळवून आणला. स्वतः काढलेले साडीच्या काठाचे नवे नक्षीकाम त्यांनी गल्लीच्या तोंडाशी टांगले. शेजारच्या चार मागांवर तोच काठ निघू लागला, तेव्हा हे आनंदाने घरोघर पेढे घेऊन गेले. विहीणबाई मला म्हणाल्या, "अण्णा, तुमीच सांगा ह्यांना काय तरी. उद्या घराची किल्ली बी गल्लीत टांगतील." मी सांगण्याचा विचार केला होता. पण मी गेलो तेव्हा ते बोलत होते.

या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी मात्र विहीणबाईच होत्या, हे मला पुष्कळ उशिरा उमगले. नातीशी तोंड पाहून बोलता यावे म्हणून संगणकात एक मुक्त प्रोग्राम घातलेला होता. तो मराठी बोले. परंतु ती मराठी कोणा कार्यालयातून निघाल्यासारखी. 'जोडणी प्रस्थापित होत आहे, कृपया प्रतीक्षा करा.' 'आपला ध्वनिग्राहक निष्क्रिय आहे.' मला त्यात काही वावगे दिसले नाही. उलट माइकला 'ध्वनिग्राहक' हा शब्द पाहून मी मनोमन नमस्कार केला. विहीणबाई मात्र ते वाचून पांढऱ्या पडल्या. "माझं काय चुकलं म्हणून नोटीस आली?" असे विचारत त्या उठल्या, त्यांनी यंत्रावर टॉवेल टाकला आणि पुन्हा त्याच्यापुढे बसायला तयार होईनात. नात पलीकडे वाट पाहून झोपी जाई.

तेव्हा व्याह्यांनी तो प्रोग्राम उघडला आणि त्यातले एकेक वाक्य बेळगावी बोलीत लिहून काढले. 'थांबा जरा, लावतोय.' 'तुमचं ऐकू येत न्हाय.' 'नक्की व्हय?' विहीणबाईंनी टॉवेल काढला. नातीचे तोंड दिसले. त्या माउलीने यंत्रालाच हळदकुंकू लावले, ते नेमके कॅमेऱ्याच्या भिंगावर. पुढे कित्येक दिवस परदेशी जावयांना आपली आई गुलालात बसलेली दिसे.

अडचण अशी निघाली, की हा प्रोग्राम सांभाळणाऱ्या मंडळींचा एक दंडक आहे. कोणतीही भाषा त्यात राहायची तर दोन माणसे लागतात: एकाने लिहावे, दुसऱ्याने तपासावे. व्याह्यांची भाषा 'बेळगावी' म्हणून नोंदली गेली होती खरी, पण तपासणारा दुसरा कोणी नव्हता. पुढची आवृत्ती येईपर्यंत तो मिळाला नाही, तर बेळगावी वगळली जाणार आणि विहीणबाईंसमोर पुन्हा ध्वनिग्राहक उभा राहणार.

ते प्रथम माझ्याकडेच आले. मी त्यांचे कागद वाचले आणि नम्रपणे सांगितले, "व्याहीबुवा, 'न्हाय' हे रूप कोणत्याही व्याकरणात बसत नाही. आपण 'नास्ति' घालावे. आटोपशीर आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "शास्त्रीबुवा, हिनं नास्ति वाचलं तर पुन्यांदा टॉवेल टाकंल." एवढेच बोलून ते गेले. इतके थोडे बोललेले मी त्यांना त्याआधी ऐकले नव्हते. मला रात्रभर चुकल्यासारखे झाले.

पुढे कळले की याच पंथाचे संमेलन बेळगावातल्या एका महाविद्यालयात भरते आहे आणि तेथे कोणीही उठून आपले मागणे मांडू शकतो. अट एकच, भाषण पाच मिनिटांचे. त्याला ते लोक 'विजेचे भाषण' म्हणतात. व्याह्यांनी नाव दिले. मला सोबत येण्याची आज्ञा झाली. मी विचारले, "पाच मिनिटे म्हणजे मंगलाचरण सोडून की धरून?"

"धरून," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता.

सभागृहात पाऊल ठेवल्यापासून माझा जो गोंधळ उडाला तो अजून पुरता ओसरलेला नाही. वक्ते तरुण, अंगात चित्रांचे सदरे, आणि श्रोते मांडीवर संगणक घेऊन खाली मान घातलेले. मला प्रथम वाटले की सामुदायिक पारायण चालू आहे. एक वक्ता कानडीत सुरुवात करी, मध्ये इंग्रजीत जाई आणि विनोद हिंदीत करी. कानडी आणि मराठी, दोन्हींकडच्या मंडळींना सर्व कळत होते. सूत्रसंचालन करणाऱ्या बाई चुणचुणीत होत्या. त्या प्रत्येकाला "बर्री, बर्री" म्हणून बोलावीत आणि टेबलावरचे घड्याळ सुरू करीत. पाच मिनिटे झाली की अवघे सभागृह एकदम टाळ्या वाजवी आणि वक्ता वाक्य अर्धे टाकून खाली उतरे. इतकी गुणग्राहक सभा मी पाहिली नव्हती. प्रत्येकाचे भाषण, ऐन रंगात आले असता, यांना इतके आवडते तरी कसे, याचे नवल करीत मी बसलो.

व्याही उभे राहिले. त्यांनी सर्व दिशांना नमस्कार केला. "आता ह्या प्रोग्रामचं सांगायचं म्हंजे आमच्या घरात मशीन कसं आलं त्ये सांगाय पायजे," ते म्हणाले. मशीन कसे आले ते सांगायचे तर माडी कशी बांधली ते सांगणे ओघाने आले. माडीसाठी लाकूड खानापुराहून आणले होते, आणि खानापूर म्हटले की अस्वल. श्रोत्यांनी माना वर केल्या. अस्वल मामाच्या डोक्यावरचा पटका घेऊन झाडावर चढले, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

व्याह्यांचे मुख उजळले. त्यांनी वाकून टाळ्यांचा स्वीकार केला आणि दुप्पट जोमाने अस्वल खाली उतरवायला घेतले. टाळ्या वाढल्या. ते आणखी खुलले. श्रोत्यांना भजनाचा ठेका सापडला आहे असे समजून मीही टाळी धरली आणि शेजारच्या गृहस्थांना सम कोठे आहे ते खुणेने दाखवले. बाई पुढे आल्या. "साक्री सर, साक्री!" व्याही म्हणाले, "पुरे कसं? मामा अजून खालीच हाय न्हवं!"

शेवटी बाईंनी त्यांच्या कानाशी सांगितले, पण ध्वनिवर्धक चालू असल्यामुळे ते सर्वांनी ऐकले. "काका, टाळ्या म्हणजे वेळ संपली."

"म्हंजे? थांबा म्हणाय टाळ्या वाजवतासा?"

"हो काका."

व्याह्यांनी घड्याळाकडे पाहिले, मग सभेकडे. ज्यासाठी आलो त्याबद्दल अवाक्षरही बोलून झाले नाही, हे त्यांच्या ध्यानात आलेले मला मागच्या रांगेतूनही दिसले. हात तसेच जोडलेले होते. माझ्याने बघवेना. मी त्यांना हात धरून खाली आणावे एवढ्याच हेतूने व्यासपीठावर गेलो. परंतु बाईंना वाटले की मी पुढचा वक्ता. त्यांनी "बर्री, बर्री" म्हणून व्याह्यांना खुर्चीवर बसवले, ध्वनिग्राहक माझ्यापुढे केला आणि घड्याळ सुरू केले.

मी घड्याळाकडे पाहत राहिलो. गणेशवंदन, गुरुवंदन, श्रोत्यांची स्तुती, यांतले काहीच मावणार नव्हते. देवाची क्षमा मागून मी म्हणालो, "हे आमचे व्याही. यांनी तुमचा प्रोग्राम आमच्या विहीणबाईंना कळेल अशा भाषेत लिहिला आहे. तपासणारा दुसरा माणूस मिळाला नाही, तर ती भाषा जाईल आणि विहीणबाई नातीशी बोलणे सोडतील. दुसरा माणूस हवा आहे. संपले."

कोणी टाळी वाजवली नाही. मी घाबरलो. पुष्कळ नंतर कळले की माझी वेळ शिल्लक होती. त्या शांततेत मागून कोणी तरुणाने कोल्हापूरकडच्या हेलात विचारले, "आजोबा, ती भाषा तुम्हाला येते का?"

"व्हय," मी म्हणालो.

पाठशाळेच्या पहिल्या आठवड्यात गुरुजींनी जो शब्द माझ्या जिभेवरून कायमचा उतरवला होता, तो इतकी वर्षे कोठे बसून होता कोण जाणे. व्याह्यांनी खुर्चीवरून मान वर केली. बाई हसल्या. "मग दुसरे तुम्हीच की!" त्या म्हणाल्या, आणि तेथल्या तेथे माझे नाव संगणकात घातले. आपण नेमके काय पत्करले हे मला समजलेले नव्हते. मी नमस्कार करून खाली उतरलो. बाहेर आल्यावर व्याही म्हणाले, "शास्त्रीबुवा, अस्वलाचं ऱ्हायलंच की वो." मी म्हणालो, "सांगा." अस्वल शहापूर येईपर्यंत पुरले.

त्या दिवसापासून गुरुवारी दुपारी मी वडगावला जातो. बेळगावी राहिली. नवीन वाक्ये येतात, व्याही लिहितात, मी तपासतो. माझ्या आईच्या तोंडचे शब्द मला तेथे एकेक करून भेटतात. काही वेळा मी चष्मा पुसण्याच्या निमित्ताने थांबतो. भांडणेही होतात. संभाषण संपवून बाहेर पडण्याच्या बटणावर काय लिहावे, यावर आम्ही अडलो होतो. मी 'निर्गमन' सुचवले. व्याह्यांनी 'जातो' लिहिले. स्वयंपाकघरातून विहीणबाई हात पुसत आल्या. "जातो काय म्हणतासा? पोरीसंगं बोलून उठायचं आणि जातो म्हणायचं? येतो म्हणा की!" आमच्या भागात बायकाही 'मी येतो'च म्हणतात, त्यामुळे एका बटणात दोघांचेही काम भागले. मी व्याकरणाचा विचारही न करता मान्यता दिली.

मागच्या गुरुवारी मी निघण्याच्या बेतात असताना नातीशी बोलणे चालले होते. तिकडे तिची शाळेची वेळ झाली. विहीणबाईंनी पदराने बोट पुसले आणि 'येतो' दाबले. पडदा काळा झाला. त्या उठल्या नाहीत. पाहुण्याची गाडी वळणाआड गेल्यावरही माणूस जसा दारात उभा राहतो, तशा त्या काळ्या पडद्यासमोर बसून राहिल्या.