माय चक्रीच्या घोड्यावर बसली

औरंगाबादला जायचं म्हटलं तर मायचा पाय घरातून निघेना. विद्यापीठाच्या नामांतराचा लढा पेटलेला, एसट्या कधी कुठं अडतील याचा नेम नव्हता. पण धाकट्या भावाला चिकलठाण्याच्या कंपनीत नोकरी लागली होती, मुकुंदवाडीत त्यानं खोलीही घेतली होती. "लेकाचं घर बघायचं न्हाय का?" म्हटलं, तेव्हा कुठं ती बोचकं उचलून निघाली.

व्हायचं तेच झालं, गाडी वाटेत रास्ता रोकोत अडकली. ऊन उतरल्यावर सुटली. चिकलठाण्याला कारखान्यांची धुराडी दिसू लागली, तशी माय म्हणाली, "ह्यातलं आपल्या पोराचं कंचं?" मी एकाकडं बोट केलं. खरं तर मलाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भाऊ ड्युटीवर गेल्यावर मायला आणि त्याच्या लेकीला, चिंगीला, घेऊन मी शहरातल्या बागेत गेले. गर्द झाडीत घोड्यांची जुनी चक्री होती. लाकडी घोड्यांच्या रंगाचे पोपडे निघालेले, पण माना कशा ताठ! मोटर वगैरे काही नाही. एक म्हातारे चाचा दांडा ढकलून ती फिरवायचे. किती वेळ बघत बसले तरी माझं मन भरेना.

मायनं एक घोडा निरखला, त्यावर चिंगीला बसवलं, मागं बोचकं बांधलं आणि लगाम धरला. चक्री फिरली, तशी तीही घोड्याच्या कडेनं चालू लागली! आम्ही मेंढरांमागं फिरणारी माणसं. आमच्यात घोड्यावर बिऱ्हाड बसतं, कोकरं, कोंबड्या, तान्ही लेकरं. बाई लगाम धरून पायी चालते. माय जन्मभर तशीच चालली.

बाकावरचे कॉलेजकुमार खदाखदा हसले. माझं टाळकंच सरकलं. "दात काय काढता रे? हिच्याइतकं चालून दाखवा, मंग हसा!"

चाचांनी चक्री थांबवली. "अम्मा, तुम बी बैठो ना."

"न्हाय बा. घोडा वझ्याला असतो. म्या बसले तर बोचकं कोण सांभाळंल?"

रांगेतली एक बाई पुढं झाली. नामांतराच्या धरण्याला गावाकडून आलेय, लेक विद्यापीठात शिकतो, असं ती मघाशी रांगेत सांगत होती. "मावशी, द्या हिकडं. मी धरते."

बोचक्यात भाकरी होत्या. आमच्या गावात बौद्धवाड्यातल्या बाईच्या हाती कुणी भाकरी देत नसे, मायही नाही. माय तिच्याकडं बघत राहिली. मग मायनं गाठ सोडून बोचकं तिच्या हाती दिलं. "भाकरी हाय त्यात. भूक लागली तर खा."

चिंगीला पुढ्यात घेऊन माय घोड्यावर बसली! ताठ, नजर समोर. मी टाळ्या पिटल्या आणि रडलेसुद्धा.

उतरल्यावर ती त्या बाईला म्हणाली, "आता तू बस."

"गावात आमच्या नवरदेवालाबी घोड्यावर बसू देत न्हाईत, मावशी."

"हितं कोण अडवतंय? बस. म्या लगाम धरते."

आणि माझी माय तिच्या घोड्याचा लगाम धरून पुन्हा पायी चालली. या खेपेला कुणी हसलं नाही.

गावी परतलो, तेव्हा शेजारणी जमल्या. शहरात काय पाहिलं म्हणून विचारू लागल्या. मायनं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, भाकरीचंही, लगामाचंही. एकेक जण मागं सरकली. एक तर पाणी न पिताच उठून गेली.

"जाऊ दे," माय म्हणाली. "म्या पुन्यांदा लगाम धरीन."

खरं सांगते, माझ्या मायचा एवढा अभिमान मला त्याआधी कधी वाटला नव्हता.