पत्र्याखालची रेल्वे

आधी माफी मागतो. ज्या रेल्वेबद्दल मी लिहितोय ती माझी नाही, आणि ज्या आजारपणाबद्दल लिहितोय तेही माझ्या घरातलं नाही. दोन्हींवर काही हक्क नसताना लिहायला बसणं मला स्वतःलाच आगाऊपणाचं वाटतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि परीक्षेच्या उत्तरांपलीकडे मी फारसं काही लिहिलेलं नाही. पण मागच्या उन्हाळ्यात मला जी भीती वाटली ती कुणाला नीट सांगता आली नाही. सांगायला गेलो की ऐकणारा हसायचा, कारण बोलणं खेळण्यातल्या गाडीवर येऊन थांबायचं. म्हणून लिहून पाहतो. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी टेंभुर्णीचा. बी.एस्सी.साठी जालन्याला आलो तेव्हा नवीन जालन्यात एका घराची मागची खोली भाड्याने मिळाली. घरमालक पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना मी काका म्हणायचो आणि त्यांच्या पत्नीला काकू. एकुलती एक मुलगी लग्न होऊन पुण्याला होती, त्यामुळे घरात दोघंच. गच्चीवर पत्र्याची एक खोली होती. त्या खोलीत काकांची रेल्वे होती.

खोली भरून प्लायवूडचं टेबल. त्यावर बोटभर रुंदीचे पितळी रूळ. थर्माकोलचा डोंगर, त्यात बोगदा, पलीकडे एक छोटं स्टेशन आणि स्टेशनाशेजारी स्पंजचं लिंबाचं झाड. इंजिन तळहाताएवढं, विकत आणलेलं. डबे काकांनी पुठ्ठ्याचे केलेले. काकांचा हात थरथरायचा, म्हणून तारा जोडणं त्यांना जमेना. मी गावाकडे मोटारीचे स्टार्टर आणि मोबाइलचे चार्जर दुरुस्त करायचो, सोल्डरिंग येत होतं. पहिल्याच महिन्यात मी वर जाऊ लागलो.

त्या खोलीत मला काय मिळालं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं उगाच वाटेल. हजेरी किती लागते, इंटर्नलचे मार्क म्हणजे काय, सरांच्या केबिनमध्ये जाताना दार वाजवायचं की तसंच आत जायचं, असले प्रश्न मी वर्गात कुणाला विचारू शकत नव्हतो. इतरांना ते जन्मापासून माहीत असावेत असं वाटायचं. काकांना विचारायचो. गाडीकडे बघत विचारायचो, आणि तेही गाडीकडे बघतच उत्तर द्यायचे. त्यामुळे लाज वाटायची नाही.

माझे पेपर चालू होते तेव्हाच काकांना जिना चढताना छातीत कळ आली. मुलगी गाडी घेऊन आली. पुण्याला नेऊन बायपास करायचं ठरलं. निघताना काकांनी गाडीची काच खाली केली.

"रोज एक फेरी. कळलं का, इंजिनिअर? आधी रूळ पुसायचे, मग फेरी. धूळ बसली की करंट जात नाही."

"काका, मी बी.एस्सी.ला आहे."

"तेच ते. गाडी बोगद्यातून बाहेर आली की मगच खाली उतरायचं."

"अहो, काच वर घ्या," शेजारी बसलेल्या काकू म्हणाल्या. "माणूस ऑपरेशनला चाललाय आणि जीव गच्चीवर."

काकांनी सांगितलं ते धुळीसाठी. मी त्याचं भलतंच करून बसलो. पहिल्या दिवशी गाडी फिरवली आणि संध्याकाळी काकूंचा फोन आला, तपासण्या चांगल्या आल्या. दुसऱ्या दिवशीही तसंच. मग शेवटच्या पेपरच्या दिवशी गडबडीत वर जायचं राहिलं, आणि काकू म्हणाल्या, साखर वाढली, ऑपरेशन पुढे ढकललं. जालन्यातल्या गच्चीपासून पुण्यातल्या दवाखान्यापर्यंत कुठलीही तार जात नाही हे मला कळत होतं. विज्ञान शिकतो मी. तरी त्या दिवसापासून फेरी चुकवायची माझी हिंमत झाली नाही.

ऊन मात्र वाढतच गेलं. सकाळी नवाच्या पुढे खोलीच्या कडीला हात लावता येत नव्हता. डोंगराचा डिंक सुटला आणि थर्माकोलचे थर उघडे पडू लागले. पुठ्ठ्याचे डबे पिळवटले. मी पत्र्यावर ओली पोती टाकायचो, ती चहा होईपर्यंत वाळायची. काकांचा जुना कूलर वर चढवला, पण त्याला पाणी कुठून आणायचं? नळाला पाणी आठवड्यातून एखाद्या वेळी. अर्ध्या बादलीत आंघोळ करायची आणि उरलेली अर्धी कूलरला. पहाटे उठून डबे सरळ करायचो, डोंगर चिकटवायचो, रूळ पुसायचो. ऊन चढायच्या आत फेरी झाली की सुटल्यासारखं वाटायचं. ते संध्याकाळच्या फोनपर्यंत टिकायचं.

एक दिवस बाबा आले. सरकीचं बियाणं घ्यायला जालन्यात आले होते, तसेच मला भेटायला आले. मी गच्चीवर होतो. ते जिना चढून दारात उभे राहिले.

"हे काय हे?"

"रेल्वे."

"ते दिसून राह्यलं मला. हिच्यात बसतं कोण?"

"कुणी नाही. नुसती फिरते."

"अन् मंग जाती कुठं?"

"कुठं नाही. निघाली तिथंच येते."

बाबांनी गाडीची एक फेरी पूर्ण पाहिली. "बरं हाय," म्हणाले. "तिकिटाचा खर्चा न्हाई."

मग ते खाली टेकले आणि टोपीने वारा घेऊ लागले. "पेपर झाले ना? मंग गावाकडं कामून येऊन न्हाई राह्यला? तुझी माय रोज विचारती."

"काका येईपर्यंत थांबतो."

"ते आपले कोण लागतात?"

"कुणी नाही."

"मंग येवढं भ्या कशाचं वाटून राह्यलंय तुला? तोंड पाह्य एकदा आरशात."

त्या भीतीत सगळी काकांचीच काळजी होती असंही नाही. ते गेले तर काकू पुण्याला जातील, घराला कुलूप लागेल, आणि मी पुन्हा या शहरात कुणालाच काही विचारू शकणार नाही. हेही त्यात होतं. बाबा निघताना एवढंच म्हणाले, "पोटभर खात जाय. बिलकुल वाळला."

ऑपरेशनच्या दिवशी मी पहाटेच फेरी केली. दुपारी काकूंचा फोन आला. आवाज ओळखू येईना.

"झालं रे ऑपरेशन. पण शुद्धीवर आले नाहीत अजून. मशीनवर ठेवलंय."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"वाट बघा म्हणतात. तू फोन करू नकोस हं. वाजला की माझं काळीज धडधडतं. काही कळलं की मीच करेन."

दुसऱ्या दिवशी सकाळी वर गेलो आणि दारातच थांबलो. स्टेशनाच्या मागचा लांब सरळ रूळ आपली जागा सोडून बाजूला वाकला होता. मधे तो स्लीपरवरून, म्हणजे खालच्या आडव्या पट्ट्यांवरून, उचललाही गेला होता, खालून बोट जाईल इतका. मी हाताने दाबला, तो दुसरीकडे उचलला. वर वीट ठेवली. वीट काढली की पुन्हा तसाच. तरी गाडी सोडून पाहिली. इंजिन तिथपर्यंत गेलं, आडवं पडलं आणि त्याची चाकं हवेत फिरत राहिली. मी घाईने बटण बंद केलं.

फेरी हाताने ढकलून पूर्ण केली तर ती धरायची का, याचा मी खरंच विचार केला. ढकलूनही पाहिली. वाकड्या जागी डबे पुन्हा पडले.

त्या दिवशी फोन आला नाही.

रूळ का वाकला ते मला कळत होतं. काकांना सांध्यावरचा टकटक आवाज आवडायचा नाही, म्हणून ऐन थंडीत आम्ही रूळ टोकाला टोक भिडवून बसवले आणि प्रत्येक सांधा सोल्डरने भरून टाकला. आता पितळ तापून वाढलं होतं आणि प्लायवूड वाळून आकसलं होतं. रुळाला सरकायला जागाच नव्हती. जागा करायची तर रूळ कापायला हवा. पण दुसऱ्याची रेल्वे, तीही तो माणूस दवाखान्यात बेशुद्ध असताना, कापायची कशी? ज्यांना विचारायचं तेच बोलत नव्हते. आणि काकूंना कोणत्या तोंडाने विचारणार?

खरे रूळ कसे ठेवतात ते तरी बघावं म्हणून मी दुपारी स्टेशनवर गेलो. प्लॅटफॉर्म संपतो तिथे मालगाड्यांची एक जुनी लाइन आहे. तिच्या सांध्यांना दोन्ही बाजूंनी पट्ट्या आणि बोल्ट असतात. मी वाकून पाहत होतो. दोन रुळांच्या टोकांमध्ये फट होती. इतक्या उन्हात ती मिटत आली होती, पण होती.

"ए! काय पाहून राह्यला रे तिथं?" मागून आवाज आला. रेल्वेचा पोलीस होता.

"रूळ, साहेब."

"रूळ पाह्यला कोण येतं? निकाल लागला का काही? नापास झाला का?"

"नाही साहेब. दोन रुळांत फट किती असते ते बघायचं होतं."

"कशासाठी?"

"घरी रेल्वे आहे."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. मग आवाज एकदम मऊ केला. "घरी रेल्वे हाय. बरं, बरं. कधीपासून उभा हायेस उन्हात?" त्याने आपली बाटली पुढे केली. "पाणी पी. अन् जल्दी घरी जाय, बाळा. ऊन लागलंय तुला. घरी कोण हाय?"

"कुणी नाही," मी म्हणालो, आणि ते बोलताना मला रडू येईल असं वाटलं. तो मला बाहेरच्या रिक्षांपर्यंत सोडायला आला. मी वळेपर्यंत तिथेच उभा होता.

पुढच्या सकाळी मी काकांच्या खणातली बारीक करवत काढली. सोनार वापरतात तसली, केसासारख्या पात्याची. कुठे कापायचं ते पेन्सिलने खूण करून ठरवलं, मग खूण पुसली, मग पुन्हा केली. फोन टेबलाच्या कडेला ठेवला होता. तो वाजावा असंही वाटत होतं आणि वाजू नये असंही. शेवटी करवत रुळावर ठेवली. पितळाचा पिवळा भुसा स्लीपरवर पडू लागला. मला सारखं वाटत होतं की मी काहीतरी मोडतोय आणि ते परत जोडता येणार नाही.

शेवटचा तुकडा सुटला तशी रुळाची दोन्ही टोकं एकदम जवळ आली आणि पातं मधे आवळलं गेलं. हलेना. इतका जोर त्या बारीक पितळात होता. मी पातं तसंच सोडून उभा राहिलो. थोडा दम घेतला, ते हळूहळू ओढून काढलं आणि पुन्हा तिथेच कापलं. दुसऱ्यांदा कापल्यावर रूळ बारीक कट् असा आवाज करून खाली बसला. सरळ झाला. दोन टोकांत कागद जाईल एवढी फट राहिली.

गाडी मात्र चालणार नव्हती. कापलेल्या जागी करंट तुटला होता. खालून वायरचा तुकडा टाकून दोन्ही टोकं जोडायची, म्हणजे फटही राहील आणि करंटही जाईल. मी सोल्डरिंगची पिन लावली, वायर सोलली, आणि लाइट गेली. कूलर घरघरत थांबला. थोड्याच वेळात पत्र्याचं ऊन डोक्यावर उतरलं. सोल्डरची तार हातात घेऊन मी बसून राहिलो. इंजिन बोगद्याच्या अलीकडे उभं होतं. फेरी होऊन दोन दिवस झाले होते. लाइट कधी येईल ते कुणालाच माहीत नव्हतं.

तेव्हा फोन वाजला. काकूंचा नंबर होता.

मी तो लगेच उचलला नाही. काय ऐकायला लागेल ते मी मनात सगळं ऐकून घेतलं. गाडी उभी असताना दुसरं काही ऐकायला येईल असं मला वाटतच नव्हतं. वाजणं थांबेल या भीतीने मग उचलला.

"हॅलो, काकू."

पलीकडे खूप आवाज होते, कुणीतरी स्ट्रेचर ओढत होतं. काकू काहीतरी बोलल्या, ते कळलं नाही.

"काकू, काय झालं?"

"अरे, मोठ्याने बोल, ऐकू येत नाही. नळी काढली सकाळी. शुद्धीवर आलेत."

"बोलले का?"

"बोलतायत ना. थंडी वाजतेय म्हणतात. दोन पांघरुणं घातली तरी पुरेनात. नर्सला म्हणाले, तुमचा तो एसी बंद करा आधी." काकू हसत होत्या की रडत होत्या ते कळेना. "शाल मागतायत, माझी इथे एकच आहे. थांब, मी बघते कुठे मिळते का. ठेवते हं."