पाचपट अधिक एक

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मेहुण्यांनी कुवेतहून आणलेला रबरी बटणांचा काँप्युटर मी वडगावच्या घरी टीव्हीला जोडला, आणि माझ्या डोक्यात हवा गेली. त्यातल्या बेसिक या सोप्या भाषेतला आयता रँडम आकडा घेणं मला कमीपणाचं वाटायचं. मी तो असेंब्लीत, म्हणजे थेट प्रोसेसरच्या भाषेत, स्वतः काढणार होतो. कृती सोपी होती: मागच्या आकड्याची पाचपट करायची, त्यात एक मिळवायचा आणि दोनशे पंचावन्नच्या वर गेलेलं सांडू द्यायचं. पडद्यावर ठिपका ठेवायचा की जागा मोकळी सोडायची, हे त्या आकड्यानं ठरवायचं.

एका रविवारी सगळा पडदा भरला. मी थोरल्या बहिणीला, आक्काला, मागावरून उठवून आणलं. चौथीत शाळा सुटल्यापासून ती साड्याच विणत होती.

"बघ, पुढचा ठिपका कुठं पडंल ते ब्रह्मदेवाच्या बापालाबी सांगता यायचं न्हाय. ह्याला रँडम म्हणत्यात."

तिनं पडद्यावर वरून खाली एकदाच नजर फिरवली.

"तीनदा तेच आलंय की रं."

मी चिडून मोजायला बसलो. बत्तीस जागांच्या चोवीस ओळी होत्या. दोनशे छप्पन्न आकडे संपले की माझा प्रोग्रॅम निर्लज्जपणे पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होता. दर आठ ओळींनी तीच नक्षी.

"काय म्हणत्यात म्हणालास ह्याला?"

"रँडम."

"आमच्यात काठ म्हणत्यात," आक्का म्हणाली आणि मागावर जाऊन बसली.