कापसाला पंधरा मिनिटं, धानाला दोन

रेडिओ आता संपला, हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते माझ्या भावाच्या तोंडून, जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये. त्याने नुकताच टीव्ही घेतला होता आणि नवा टीव्ही घेतलेल्या माणसाच्या अंगात तेव्हा जी मस्ती असायची, ती त्याच्या अंगात पुरेपूर होती. हल्ली माझा भाचा मोबाइल हातात घेऊन मला तेच समजावतो. मिडियम वेव्ह आता कोण ऐकतं, म्हणतो. मी वाद घालत नाही. मला माझ्या सासूबाई आठवतात आणि हसू येतं.

माझे वडील जवाहरनगरच्या कारखान्यात होते. सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्यांनी माझं लग्न लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीच्या शेतकरी घरात करून दिलं, तेव्हा सोबत एक ट्रान्झिस्टर दिला. चामड्याचं भोकाभोकांचं कव्हर, खांद्याला अडकवायचा पट्टा. कारखान्याच्या कॉलनीत वाढलेली मी, नाकाने कांदे सोलतच सासरी गेले होते. वाटलं, या खेड्यात निदान रेडिओ तरी माझा स्वतःचा असेल. महिनाभरात तो माझा राहिला नाही.

तो आत्याबाईंचा झाला. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडे सासूला असंच म्हणतात. धानाच्या ढोलीवर, म्हणजे कोठीवर, त्यांनी त्याची जागा ठरवली. नागपूर नीट लागावं म्हणून त्याचं तोंड गोठ्याकडे करावं लागायचं, आणि ते कुणी हलवलं की घरात भांडण. सेल उतरले की त्या ते काढून पापडांबरोबर उन्हात वाळत घालायच्या. रोवणीच्या दिवसांत रेडिओ पिशवीतून शेतात जायचा आणि बांधावर छत्रीखाली बसायचा. इकडे बाया चिखलात वाकून धान लावायच्या.

संध्याकाळी शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागायचा. त्यात एक म्हातारा शेतकरी होता. घोगऱ्या आवाजात तो म्हणायचा, "राम राम मंडळी, काय म्हणता?"

आणि आत्याबाई चुलीपुढून उत्तर द्यायच्या, "राम राम भाऊ. काय म्हनू, पानी नाही."

पहिल्यांदा मला वाटलं, कुणी पाहुणा आलाय. मी डोक्यावरचा पदर सावरून बाहेर येऊन पाहिलं, तर कुणीच नाही. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "ती गाईसोबतही बोलते." विषय संपला.

पण हे बोलणं गोडीगुलाबीचं नव्हतं. आत्याबाईंचं त्या म्हाताऱ्याशी रोजचं भांडण होतं. कार्यक्रम असायचा सगळ्यांचा, पण त्यात कापसाची बोंडअळी यायची, संत्र्याचा बहार यायचा, ज्वारीचं कणीस यायचं. आम्ही धानवाले मात्र सगळ्यात शेवटी. "आता धान उत्पादकांसाठी थोडंसं," असं म्हातारा म्हणायचा, आणि ते थोडंसं संपायच्या आत मागून सनई सुरू व्हायची.

"झालं," आत्याबाई म्हणायच्या. "कापसाले पंधरा मिनटं अन् धानाले दोन. काहून रे भाऊ, आमी का गवत पेरतो?"

असं सात वर्षं चाललं. मग भावाच्या मुलाचं बारसं निघालं. रोवणी आटोपली होती, म्हणून आत्याबाईही माझ्याबरोबर आल्या. भावाने जेवणं होताच सगळ्यांना टीव्हीपुढे बसवलं. गच्चीवरच्या ॲन्टेनाला बांबू जोडून जोडून तो इतका उंच केला होता की शेजारी त्याची टर उडवायचे. तरी पडद्यावर माणसं कमी आणि मुंग्या जास्त होत्या.

आत्याबाईंनी बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "बांधीत नेता येते काय हा?"

"शेतात कशाला न्यायचा?" भाऊ हसला.

"ईज येनार असली का आमचा रेडिओ पयलेच खरखर करते. आमी बाया बांधीतून बाहेर निघतो. हा सांगन काय?"

भाऊ उठून टीव्हीची बटणं पिळू लागला. पण हरणं त्याच्या रक्तात नव्हतं. तो म्हणाला, "आत्याबाई, रेडिओ आता संपला. दोन-चार वर्षांत बंदच पडतो बघा."

त्याने आपलं असंच ठोकून दिलं होतं. आत्याबाईंनी मात्र ते सरकारी हुकूम निघाल्यासारखं घेतलं. रात्रभर त्या कूस बदलत होत्या. सकाळी चहाचा कप खाली ठेवून मला म्हणाल्या, "बाई, मले नागपूरले ने. त्या रेडिओवाल्या भाऊले भेटाचं हाये. बंद पडल्यावर कोनाले सांगू मी धानाचं?"

मी लाख समजावलं. असं कुणाला आत सोडत नाहीत, तिथे साहेब लोक असतात, आपली शोभा होईल. त्या पिशवी घेऊन दारात उभ्याच. शेवटी आम्ही एस.टी.ने नागपूर गाठलं.

रेडिओ स्टेशनच्या फाटकावर चौकीदाराने विचारलं, कुणाला भेटायचंय. मी जमिनीकडे पाहत होते.

"रोज संध्याकाळी आमच्या घरी येते त्या भाऊले," आत्याबाई म्हणाल्या. "दिघोरीची बाई आली म्हनून सांगा."

चौकीदार हसला, पण आत गेला. थोड्या वेळाने एक तिशीचा, चष्मा लावलेला, बुशशर्ट घातलेला मुलगा बाहेर आला. आत्याबाई त्याच्या मागे कुणी येतंय का ते पाहत राहिल्या.

"राम राम माय," तो त्या घोगऱ्या आवाजात म्हणाला.

आत्याबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू होय? मले वाटलं माह्यापेक्षा मोठा असशीन. घरी काय पेरता तुमी?"

"कापूस," तो म्हणाला. त्याचं गाव अमरावतीकडचं होतं.

"तरीच," आत्याबाई म्हणाल्या.

मला वाटलं, आता धरणीने पोटात घ्यावं. पण तो मनापासून हसला आणि आम्हाला आत एका खोलीत नेऊन चहा पाजला. आत्याबाईंनी सात वर्षांचं सगळं त्याच्यापुढे ओतलं. तो ऐकत होता. मग त्याचा चेहरा जरा उतरला.

"माय, खरं सांगू? टीव्ही आल्यापासून पत्रं कमी झाली. आधी पिशवी भरून यायची. आता माइकपुढे बसलो की वाटतं, भिंतीशीच बोलतो आहे. कोणी ऐकतं की नाही, काही कळत नाही."

आत्याबाईंनी बशी खाली ठेवली. त्या खरोखर चकित झाल्या होत्या.

"सात वर्सं झाले, मी रोज तुले उत्तर देऊन राहिली," त्या म्हणाल्या. "तुले आयकू नाही येत काय?"

तो चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत राहिला. त्या वेळी मला पहिल्यांदा माझ्या सासूचा अभिमान वाटला, आणि सात वर्षं मी मनातल्या मनात तिला हसत आले याची लाजही वाटली.

फाटकापर्यंत तो पोचवायला आला. धानाचं बघतो म्हणाला. सरकारी माणसाच्या बघतोचा अर्थ मला ठाऊक होता, म्हणून मी काही आशा धरली नाही. आत्याबाई मात्र जवाहरनगरला परतताना गाडीत खिडकीशी बसून निवांत झोपल्या.

दोन दिवसांनी आम्ही दिघोरीला परतलो. संध्याकाळी आत्याबाईंनी रेडिओ लावला आणि चुलीपुढे बसल्या. मामाजी, म्हणजे माझे सासरे, ओसरीवर सुतळी वळत होते. ते कधी रेडिओच्या वाटेला जायचे नाहीत.

"राम राम मंडळी," म्हातारा म्हणाला. "कापूसवाल्यांनी आज जरा दम धरा. आज पहिले धान." मग म्हणाला, "काय म्हणता माय, लाखांदूरकडे बांधीत पानी हाये का?"

आणि तो थांबला. रेडिओवर कुणी असं थांबत नाही. नुसती खरखर ऐकू येत होती.

सात वर्षं न विचारता बोलणाऱ्या आत्याबाईंच्या तोंडून शब्द फुटेना. त्या हातातली भाकर तशीच धरून रेडिओकडे पाहत होत्या.

ओसरीवरून मामाजी म्हणाले, "बोल ना. तुले विचारून राहिला तो."

"हाये भाऊ," आत्याबाई हळूच म्हणाल्या. "बांधापर्यंत हाये."

"बरं झालं," म्हातारा म्हणाला, आणि धानाचं सांगू लागला.