बाळापूरच्या घरातली शार्कची टाकी

"बोअरचं पाणी खारंच हाय आमचं," युसूफचाचा म्हणाले. "समुद्राच्या माशाले अजून काय पाह्यजे?"

आम्ही त्यांच्या अकोल्याजवळच्या बाळापूरच्या घरातल्या मोठ्या हॉलमध्ये उभे होतो. सोफा, कपाट, सगळं त्यांनी आधीच बाहेर काढलं होतं. फरशीवर खडूनं टाकी आखून ठेवली होती. बारा फूट लांब, सहा फूट रुंद. तिथे एखादी मारुती गाडी आरामात उभी राहिली असती.

मी वॉटर ट्रीटमेंटचं काम करते. अमरावतीला राजापेठेत खाली ऑफिस, वर माझी खोली. दिवसभर ट्यूशनच्या मुलांचा आणि गाड्यांचा गोंगाट असतो. रविवारी क्लास बंद असले की फक्त माझ्याच कुकरची शिटी ऐकू येते. हॉस्पिटलच्या डायलिसिसच्या पाण्याची लाइन, हॉटेलचा स्विमिंग पूल, अशी माझी कामं. पण कापसाची ती सालं वाईट होती. शेतात काही पिकलं नाही की आमच्याकडे स्विमिंग पूलही कागदावरच राहतात. शार्कच्या टाकीसाठी फोन आला तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी अकोल्याची बस पकडली.

चाचा मालवाहू जहाजावर इंजिनिअर होते. गावात सगळे त्यांना कप्तान म्हणत आणि ते प्रत्येकाला दुरुस्त करत. "कप्तान वर ऱ्हाते. मी खाली होतो, इंजिनरूममधी." मूलबाळ नव्हतं. निवृत्त होऊन घरी आले आणि थोड्याच दिवसांत चाची गेल्या. सोबत पुतण्या सलीम, त्याची बायको आणि दोन मुली राहत. सलीम तिथल्याच एका कापसाच्या जिनिंग मिलमध्ये फिटर होता.

"चाचा, शार्कच कावून?" मी विचारलं. माझ्या तोंडी वऱ्हाडी आलं की समोरचा जरा मोकळा होतो.

"जहाज बंदराबाहेर नांगर टाकून उभं राह्यलं ना मॅडम, का आठ-आठ दिवस हलत नाही. डेकवरून खाली पाह्यलं का तो फिरतच राहे. मले वाटे, हा बी आपल्यावानी ड्युटीवर हाय." मग म्हणाले, "इथं कोनाशी बोलू समुद्राचं? लोक इचारतात, पगार किती होता."

खऱ्या मोठ्या शार्कचा विषय मी लगेच बंद केला. घरात पाळता येतो तो बांबू शार्क. जास्तीत जास्त तीन-साडेतीन फूट वाढतो, तळाशी पडून राहतो, माणसाला काही करत नाही. चाचांनी मान हलवली. चालेल म्हणाले.

मग पाणी. बाळापूर खारपाण पट्ट्यात येतं. तिथलं जमिनीतलं पाणी खारट खरं, पण समुद्राच्या मानानं ते अगदीच अळणी, आणि त्यातले क्षारही वेगळे. मासा त्यात जगणार नाही. म्हणून ते पाणी आधी आरओमधून काढून शुद्ध करायचं आणि मग त्यात समुद्राचं तयार मीठ मोजून मिसळायचं.

"म्हंजे आधी मीठ काढाचं, मंग मीठ टाकाचं?"

"हो."

"सरकारी काम दिसते."

गावात तेव्हा पिण्याच्या पाण्याचा टँकर येत होता. कप्तान घरात समुद्र भरून राहिला, अशी कुजबुज सुरू झाली होती. त्या टँकरचा एक थेंबही टाकीत जाणार नाही, ही अट मीच घातली. चाचांच्या बोअरच्या पाण्याला जनावरंसुद्धा तोंड लावत नव्हती. ते घेतलं तर कोणाच्या तोंडचं पाणी जात नव्हतं.

आता फिल्टर. शार्क खूप खातो आणि तेवढीच घाण करतो. त्या घाणीतून अमोनिया तयार होतो, आणि मासा मरतो तो अमोनियानं. टाकीच्या मागच्या खोलीत मी दुसरी छोटी टाकी बसवली. तिला सम्प म्हणतात. पाणी आधी जाड कापडातून गाळलं जातं. पुढे एका उभ्या नळकांड्यात बारीक बुडबुडे सोडतात, त्यांच्या फेसाबरोबर चिकट घाण वर येते. आणि शेवटी प्लॅस्टिकच्या सच्छिद्र गोळ्यांचा ढीग. त्या गोळ्यांवर बॅक्टेरिया वाढतात आणि ते अमोनिया खातात. खरा फिल्टर म्हणजे हे बॅक्टेरिया. बाकी सगळं प्लंबिंग.

पितळेची एकही तोटी चालत नाही, कारण तांबं शार्कला विष आहे. घराचं अर्थिंग नवीन करावं लागलं. पाण्यात उतरलेला बारीकसा करंटही त्याला जाणवतो. शिवाय अकोल्याचा उन्हाळा, म्हणून पाणी थंड ठेवायला चिलर. हे सगळं चाचांना पटापट कळत होतं. व्हॉल्व्ह कुठे हवा यावर ते माझ्याशी भांडत आणि अधूनमधून जिंकतही.

खरी अडचण लोडशेडिंगची होती. लाइट दिवसातून कितीदा जाईल याचा नेम नव्हता. पंप थांबला की बॅक्टेरियांना ऑक्सिजन मिळत नाही. काही तासांत ते मरायला लागतात आणि त्यांच्या मागून मासा. म्हणून डिझेलचा जनरेटर घेतला. तो हातानं चालू करावा लागे. मी सलीमला शिकवलं, त्याच्या बायकोलाही शिकवलं. कारण चाचांना हृदयाचा त्रास होता आणि त्यासाठी ते अधूनमधून अकोल्याला ॲडमिट होत.

टाकी भरली. आता ती पिकू द्यायची होती, म्हणजे बॅक्टेरिया वाढेपर्यंत मासा न सोडता, त्यांच्या खाण्यापुरता कोळंबीचा तुकडा सडायला टाकून पाणी फिरवत ठेवायचं. मी अधूनमधून टेस्टिंगला जात असे. सलीमच्या मुली काचेला नाक लावून बसलेल्या असायच्या. मुंबईच्या व्यापाऱ्याकडे शार्क बुक झाला होता.

शेवटच्या टेस्टला गेले तेव्हा दार चाचांनी उघडलं. अंगणातल्या दोरीवर एकच लुंगी वाळत होती.

"सलीम कुठे आहे?"

"सुरतले गेला. जिनिंग बंद पडली ना. कापूसच येऊन नाही राह्यला, तं फिटर काय करन?"

"आणि वहिनी, मुली?"

"सोबतच नेल्या. इथं ठेवून काय करता?"

मी टेस्ट केली. अमोनिया शून्य. पाणी इतकं छान तयार झालं होतं की तसं मी पुन्हा क्वचितच पाहिलं. मी किट बंद केलं आणि म्हणाले, "चाचा, शार्क आणता येणार नाही."

"कावून? रिपोर्ट तं चांगला हाय."

"लाइट गेली आणि तुम्ही अकोल्याला ॲडमिट असाल, तर जनरेटर कोण चालू करणार?"

"मी जहाजावर एकट्यानं वॉच केला, मॅडम. एवढाल्या इंजिनचा."

"चार तास. मग ड्युटी बदलायला रिलीव्हर येत होता ना?"

जनरेटरसाठी गल्लीतली दोन-तीन नावं त्यांनी स्वतःच घेतली आणि स्वतःच खोडली. एक जण पुण्याला गेलेला, दुसरा सुनेच्या ताब्यात. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. अमरावतीहून बाळापूर किती लांब, हे त्यांना माहीत होतं.

"लहान मासे सोडू," मी म्हणाले. "त्यांना बॅटरीचा एअर पंपही पुरतो."

"नको. खेळणं नको मले."

शार्क रद्द झाला. पंप बंद करून पाणी काढायला मी उन्हाळ्याच्या तोंडी परत गेले, तर हॉलमध्ये टाकीला लागून चाचांचा पलंग होता. सगळे पंप चालू होते. आत मासा नाही, काही नाही. निळसर पाणी गोल फिरत होतं.

"राहू द्या," ते म्हणाले. "या आवाजानं झोप लागते मले."

"चाचा, मासा नसला की बॅक्टेरिया उपाशी मरतात. फिल्टर चालवून उपयोग नाही."

त्यांनी फ्रीज उघडून प्लॅस्टिकची डबी दाखवली. आत सोललेल्या कोळंबीचे तुकडे होते. "रोज एक टाकतो. सडते, मंग ते खातात. तुमीच सांगतलं होतं ना?"

मी टेस्ट केली. अमोनिया शून्य. बॅक्टेरिया जिवंत होते, धडधाकट होते. मी चहा घेतला, सम्पमधलं गाळायचं कापड बदललं आणि पाणी न काढताच परत निघाले.

तेव्हापासून कुठल्याही साइटवर गेले की पाण्याचा सोर्स विचारण्याआधी मी विचारते, घरात किती माणसं राहतात. क्लायंटला वाटतं मी पाण्याचा खप काढते आहे.