म्हैस शालू नेसत नाही

मागच्या शनिवारी सकाळी मी आमच्या गावी, मंठ्यात, लेकीच्या शाळेत, तिसरीच्या बाकावर गुडघे दुमडून बसलो होतो. हातात पेन, समोर कोरा कागद... आणि डोकं त्याहून कोरं.

आमचं बाजारात कापडाचं दुकान. आजोबा राजस्थानातून आले, पण आपलं मराठी गावात कुणापेक्षा कमी नाही, हा माझा शाळेपासूनचा गर्व. दहावीला मराठीत वर्गात पहिला आलो होतो... हे बायकोला महिन्यातून एकदा तरी ऐकावं लागतं.

लेक पलक तिसरीत. तिच्या मॅडम दर शुक्रवारी फळ्यावर गोष्टीची फक्त पहिली ओळ लिहितात. पुढची गोष्ट मुलांनी रचायची... आधी वर्गात तोंडी सांगायची, मग घरून लिहून आणायची. ओळी तरी कसल्या... 'बैलगाडीला आज सुट्टी हवी होती.' 'गुरुजींचा चष्मा एकटाच बाजाराला गेला.'

दिवाळीनंतर एकदा ओळ आली, 'दुकानाच्या शटरला शिंक आली.' आमच्या घरचाच विषय. पलकनं झपाझप लिहून काढलं. शटर शिंकलं, साड्या उडाल्या, एक शालू म्हशीच्या अंगावर पडला. म्हैस तो नेसून लग्नाला गेली, पहिल्या पंगतीला बसली आणि शालू परत द्यायला तयारच होईना, कारण तिला तो शोभत होता.

मी वही पाहिली आणि लगेच मास्तर झालो. "बेटा, म्हैस शालू नेसत न्हाई," म्हटलं. म्हैस काढली. तिच्या जागी एक गरीब पण प्रामाणिक बाई आणली, तिनं साडी परत केली, शेठनं बक्षीस दिलं. खाली रेघ मारून... तात्पर्य: प्रामाणिकपणा हेच खरे धन. पलकनं सगळं सुवाच्य अक्षरात उतरवलं.

वही परत आली. शेरा एका ओळीचा... 'छान. पण म्हैस कुठे गेली?' मॅडमनी ती गोष्ट आधी वर्गात ऐकली होती, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी हसण्यावारी नेलं.

पुढच्या शुक्रवारी पलक वही घेऊन माझ्यापुढे उभी. पान कोरं. "पप्पा, तुम्ही सांगा, मी लिहून घेते." त्याच्या पुढच्या शुक्रवारीही तेच.

"तुझ्या मनानं लिही की," म्हटलं, तर म्हणाली, "माझं बराबर नसतंय." जिला जेवताना गप्प करावं लागायचं, ती पोर माझ्या तोंडाकडे बघत बसली होती. त्या दिवशी दुकानात गिऱ्हाइकाला कापड किती मीटर मोजून दिलं, तेच मला आठवेना.

तर शनिवारची ही पालकसभा. मॅडमनी हजेरी, गणवेश कसलाच विषय काढला नाही. आम्हा पालकांनाच कागद वाटले आणि फळ्यावर लिहिलं, 'गावच्या पाण्याच्या टाकीला गुदगुल्या झाल्या.' पंधरा मिनिटं... आणि मुलं मागे उभी राहून बघणार.

माझ्या शेजारी एक शेतकरी बाई होत्या, कापूस वेचायचा सोडून आलेल्या. "आपल्याला काय येतंय लिव्हायला," असं म्हणत त्यांनी अर्धा कागद भरला. मी खिडकीतून बाहेर बघत होतो. शेवटी गोष्ट कशीबशी जमवली... पाणी सांडलं, गावकऱ्यांना पश्चात्ताप झाला. तात्पर्य: पाणी हेच जीवन.

मग सगळ्यांनी वाचून दाखवलं. वीज वाचवा, झाडे लावा, एकीचे बळ... एकूण एक गोष्टीला तात्पर्य. शेजारच्या बाईंची टाकी तर झकास तालुकाभर फिरून आली होती, तीसुद्धा शेवटी व्यसनमुक्तीवर उतरली.

"मंग काय करावं," बाई म्हणाल्या, "शाळेत तेच तर शिकवल्तं. तात्पर्य न्हाई तर मार्क न्हाई."

खरंच होतं ते. मुद्द्यांवरून गोष्ट लिहा, शीर्षक द्या, तात्पर्य लिहा... आमची अख्खी पिढी त्यावरच वाढली.

मॅडमना हसायची आयती संधी होती, पण त्या हसल्या नाहीत. "तुमची चूक न्हाई," म्हणाल्या. "आता फक्त तात्पर्य खोडा अन् कागद लेकरांच्या हातात द्या. काय राह्यलं ते लेकरं सांगतील."

पलकनं माझा कागद दोनदा वाचला. मग हळूच म्हणाली, "पप्पा, गुदगुल्या कुणी केल्या तेच न्हाई लिहिलं तुम्ही."

"कुणी केल्या?" मी विचारलं. अगदी मनापासून विचारलं, कारण मला खरंच माहीत नव्हतं.

"मुंग्यांनी. त्यांची सहल टाकीवर चढून राह्यली होती. मॅडम पुढं अन् डबे मागं."

मी लिहायला लागलो. ती सांगेल तसं, शब्दाला शब्द. दोन ठिकाणी सुधारायला हात शिवशिवले, खोटं कशाला बोलू... पण आवरलं. टाकी इतकी हसली की नळाला पाण्याऐवजी हसू आलं, आणि बायकांनी तेच घागरीत भरून घरी नेलं. हे मला सात जन्मात सुचलं नसतं.

तेवढ्यात तिनं माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. "द्या इकडं. तुमचं जल्दी होऊन न्हाई राह्यलं." मला बाकावरून सरकवलं आणि जिभेचं टोक बाहेर काढून स्वतः लिहायला बसली. कागद भरला, तिनं तो उलटा केला. मॅडम जाता जाता एक कोरा कागद तिच्या कोपराजवळ ठेवून गेल्या.

मॅडम, मनापासून आभार. माझ्या लेकीचं पेन माझ्याच हातात अडकून बसलं होतं... एका शब्दानंही न रागावता तुम्ही ते सोडवून दिलंत.