वर ‘थट्टा’ लिहिणारे काका

तुळिंजला आमच्या घरात नळ नव्हता; आई टँकरवर हंडे भरायची. एकदा चाळीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ‘उद्यापासून घरोघरी चोवीस तास पाणी’ अशी बातमी आली. आईने दुसऱ्या दिवशीचा टँकर सोडला, हंडे भरलेच नाहीत. बातमी झेरॉक्सवाल्या काकांनी गमतीने रचलेली. कळताच ते पाण्याचे दोन कॅन घेऊन आले.

“वहिनी, वर थट्टा लिहायला पायजे होतं.”

“मी हंडे विकायला काढले होते, भाऊ,” आई म्हणाली.

तेव्हापासून ते प्रत्येक गमतीवर आधी ‘ही थट्टा आहे’ लिहीत. पोरं चिडवायची, “काका, कुठे हसायचं तेही लिहा.” ते लिहीतच राहिले.

आता ते आपल्या गावी, भुईगावला परतलेत, गटावर काही टाकत नाहीत. मी रोज गट उघडून बघतो; बाकीच्यांच्या मजकुरावर ‘थट्टा’ असं कुणी लिहीत नाही. घरातला पहिला पदवीधर मी. पण थट्टा कोणती, बातमी कोणती, हे आता आई मला सांगते.